मुनीमबाबत हरकत असल्यास

शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी शेजारच्या ताहेराच्या मागच्या दाराशी आमचा मुनीम काहीतरी कडाकडा चावत होता. मी ओट्यावरून ओरडले, तोवर ते त्याच्या पोटात गेलं होतं. वेळ भिंतीवरच्या घड्याळात पाहून लिहिली आहे. मी पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी होते. तारीख-वेळ नसलेली तक्रार म्हणजे नुसती कुरकुर, हे मी धामणगावपासून मोताळ्यापर्यंतच्या मुख्याध्यापकांना शिकवलेलं आहे.

दुपारी पहिली उलटी. नंतर दुसरी, नुसतं पिवळं पाणी. मी दोन घरांमधल्या भिंतीशी गेले.

"ताहेरा, माझ्या कुत्र्याला हाड कोणी घातलं?"

"कायचं हाड, कोकिळाबाई? आज आमच्या घरी भेंडी शिजून राह्यली. या, झाकण उघडून पाहा."

"कालचं असेल."

"काल दाळ होती."

"मग परवाचं."

"तुम्ही वकील व्हायले पाह्यजे होतं, बाई. आमचे सारे खटले हरवले असते तुम्ही."

आणि हसली. एरवी मुनीमचं नाक पायाला लागलं तर नमाजेआधी पाय धुवायला पळते, आणि त्याच्यासमोर हाड टाकताना काही वाटत नाही!

कोणी म्हणेल, तो आधीपासूनच आजारी असेल. नव्हता. पुरावा देते. परवा गुरुवारी, पंचमीला, रामरावांची तिथी होती. यजमान जाऊन दीड वर्ष झालं. मुनीम त्यांचा, त्यांच्या अडत दुकानाच्या उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे संशयाने पाहायचा, म्हणून मुनीम. अविनाशने पुण्याहून फोनवर ऑनलाइन गुरुजी सुचवले. मी म्हटलं, तुझे वडील ऑनलाइन जेवत नसत. कामाच्या पंचफुलाला हाताशी घेऊन मीच केलं सगळं. वडे, खीर, कढी, आळूची भाजी, आणि उकडलेलं कणीस, कारण भादव्यात रामरावांना मक्यापुढे दुसरं काही दिसत नसे. गाईचं पान गाईला दिलं, कुत्र्याचं मुनीमला, कावळ्याचं गच्चीच्या कठड्यावर ठेवलं.

कावळे आले. बसले. पानाला चोच लावेनात.

पंचफुला म्हणाली, "बाई, बोला काही. मालकायचं मन अडकलं कशात तरी. म्हणा, मुनीमले मी सांभाळतो, तुम्ही जेवा."

"मी सिस्टरांच्या शाळेत शिकले आहे. कावळ्याशी वाटाघाटी करत नाही."

शेजारच्या गच्चीवर ताहेरा मूग वाळत घालत होती. सगळं टक लावून पाहत होती. ऊन चढलं, वड्यांवर माशा बसायला लागल्या, तेव्हा मी ते पान उचललं आणि खाली अंगणात नेऊन मुनीमपुढे ठेवलं. अन्न वाया घालवायला मला शिकवलेलं नाही. त्याने दोन्ही पानं साफ केली, कणसं दांड्यासकट. रामराव त्याला एकेक दाणा सोलून भरवत. मी म्हणायचे, कुत्र्याला नवरदेव करू नका. माझ्याकडे असले लाड नाहीत, आणि पाहा, अख्खं खाल्लं त्याने. असं जेवणारं जनावर आजारी असतं का? तेव्हा जे झालं ते आजच झालं, अकरा वीसला, ताहेराच्या दाराशी.

संध्याकाळी त्याने पाणी प्यायलं. तेही परत आलं.

रविवार, १४ सप्टेंबर

उजाडताच पाहिलं तर तो पुढचे पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकून आणि मागचा भाग वर धरून उभा. बसवलं की पुन्हा तसाच. शाळेत सिस्टर बर्नाडेट आम्हाला शिक्षा म्हणून गुडघे टेकायला लावत, अगदी तसा. याने काय केलं आहे?

गावातल्या गाई-म्हशींचं पाहणाऱ्या गणेशला बोलावलं. मोटरसायकलवरून आला, मुनीमची पापणी ओढून पाहिली.

"जंत झाले असतीन, बाई."

"त्याने हाड खाल्लं आहे."

"हाडं खाल्ल्यानं कुत्रे मरत असते तं गावात एक कुत्रं दिसलं नसतं."

जंताचं औषध पाजलं. ते मुनीमने गणेशच्याच बुटावर परत केलं. गणेशने बूट झटकला आणि पुन्हा वाकला. पोटाला हात लावला. मुनीमने दात दाखवले. आजवर त्याने माणसाला दात दाखवलेले मी पाहिले नाहीत, वीजबिलवाल्यालासुद्धा.

"पोट कडक लागून राह्यलं. उद्यालोक नाही उतरलं तं बुलडाण्याले न्या. तिथं कुत्र्यायची डॉक्टर आहे एक बाई."

"उद्या का? आज का नाही?"

"आज रविवार हाये नं बाई."

जनावरांनी आजारी पडताना वार पाहावा, असं एखादं परिपत्रक निघालं असल्यास माझ्या वाचनात नाही.

दुपारी ताहेराचा अजहर दाराशी आला. भाजीपाल्याची छोटी गाडी चालवतो. "काकू, गाडी लावू का? डॉक्टरीणबाईले फोन केला तं उघडतीन त्या."

"आरोपीच्या गाडीतून मी जात नाही."

"आरोपी कोन?"

"तुझी आई."

"मंग अम्मीले बी घेऊन जाऊ संगं. तिथंच निकाल लावू."

मी दार लावून घेतलं. नंतर तासभर दाराच्या आत उभी होते, तो पुन्हा येईल म्हणून. आला नाही. मीही हाक मारली नाही.

मुनीम रामरावांच्या आरामखुर्चीखाली जाऊन बसला आहे. पंचफुला भांडी घासता घासता म्हणाली, "मालकायचा घास होता तो, बाई. कावळ्यानं नाही शिवला अन् यानं खाल्ला. मालक बोलावून राह्यले त्याले."

तिला मी कामावरून लगेच घरी पाठवलं. तिचं वाक्य मात्र गेलं नाही. ते खुर्चीखाली बसलं आहे.

सोमवार, १५ सप्टेंबर, बुलडाणा

दवाखान्याच्या बाकावर लिहिते आहे. हाताला काहीतरी हवं आहे.

पहाटे हाक मारली तर मुनीमने फक्त डोळे हलवले. हिरडी दाबून पाहिली, पांढरी. बोट काढलं तरी पांढरीच. मी अनवाणी पळत शेजारी गेले आणि दार वाजवलं. काय बोलले आठवत नाही. अजहर बनियनवरच बाहेर आला. ताहेरा आली, तिने गाडीत मागे गोधडी टाकली आणि तिच्यावर बसून म्हणाली, "द्या इकडं त्याचं मुंडकं."

मोताळा गेलं, राजूर घाट लागला. रस्ता ओला होता, वळणावळणावर मला वाटत होतं की आता श्वास थांबला. पुढे बसून मागे पाहायची हिंमत नव्हती. मी नुसतं विचारत होते, "आहे का?" आणि ताहेरा दरवेळी म्हणत होती, "हाये." एका वळणावर तिला उत्तर द्यायला वेळ लागला. त्या वळणावर माझं काय झालं ते मी इथे लिहिणार नाही.

त्याची लाळ तिच्या ओढणीभर झाली होती. एरवी शिंतोडा उडाला तरी ओरडणारी ही बाई. मनात अपराध असल्याशिवाय माणूस असं वागत नाही.

डॉक्टर पुष्पांजली तरुण आहेत, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. एक्स-रे काढला.

"आतडी फुगली आहेत. पुढे काहीतरी अडकलंय. काय खाल्लं होतं?"

"हाड."

"हाड असतं तर पांढरं दिसलं असतं. इथे नाहीये."

"मग तुमचं यंत्र बरोबर नाही."

"यंत्र ठीक आहे, काकू. नीट आठवा. हाडाशिवाय काय? आंब्याची कोय, कापड, दोरा, काहीही."

"हाडच. मी तारीख-वेळ लिहून ठेवली आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात ताहेरा त्यांच्या जवळ गेली आणि कानाशी काहीतरी पुटपुटली. स्वतःच्या बचावाचं असणार. डॉक्टरांनी मान हलवली, पुन्हा पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "आत्ता उघडते. थांबून उपयोग नाही. भूल सहन होईल की नाही हे सांगता येणार नाही. चालेल?"

कोणी असं विचारतं का! चालेल का म्हणे. मी सही केली. सही माझी वाटत नव्हती.

आत दिवा लागला आहे. दार बंद आहे. शाळेतली इंग्रजी प्रार्थना ओठांवर आली, अर्ध्यावर अडली. मग रामरक्षा, तीही अर्ध्यावर. सगळं आयुष्य पाठांतर घेण्यात गेलं आणि स्वतःला एक धड आठवत नाही. ताहेरा नळावर जाऊन ओढणी, हात, तोंड धुऊन आली, कोपऱ्यात पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. तिचं सगळं पाठ होतं.

पंचफुलाचं ते वाक्य इथेही आलं आहे.

नंतर, त्याच दिवशी.

जिवंत आहे.

डॉक्टर स्टीलचं भांडं घेऊन बाहेर आल्या. त्यात कणसाचे दांडे. भिजून फुगलेले, काळपट, दाताच्या खुणा असलेले. हाड नाही. मी बघत राहिले.

ताहेरा म्हणाली, "आमच्या अजहरनं फेकले असतीन. लई भुट्टे खाते तो, अन् देते अंगणात फेकून."

अजहर दाराशी उभा होता. "मी?"

ताहेराने त्याच्याकडे पाहिलं.

"हाव," तो म्हणाला, "मीच."

अखेर कबुली मिळाली. डॉक्टरांसमक्ष. मी म्हणाले, "घरी गेल्यावर पाहू," पण ते मला वाटलं तसं मोठ्याने म्हणता आलं नाही.

आतड्याचा एक भाग काळा पडला होता. तो कापून टोकं जोडली आहेत. डॉक्टर म्हणाल्या, पुढचे पाच-सहा दिवस धोक्याचे. जोड आत सुटला तर पोटभर विष होतं, मग पुन्हा उघडूनही फारसं हाती लागत नाही. "काल आणला असता तर कापावं लागलं नसतं बहुतेक," असंही म्हणाल्या, सहज, हातमोजे काढता काढता. अजहर खाली बघत होता. काल दाराशी कोण आलं होतं आणि दार कोणी लावलं, हे त्याने सांगितलं नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

घरी आणला. पोटाला पट्टी, पायाला सलाइनची सुई लावून ठेवलेली. घाटात अजहरने गाडी अशी चालवली की जणू मागे अंडी भरली आहेत. मुनीम खुर्चीखाली गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

डॉक्टरांनी सांगितलंय: मुगाचं पातळ पाणी, चमचा चमचा. तोंडात घातलं तर कडेने वाहून जातं. त्याने स्वतःहून खायला हवं. खाल्लं की समजायचं आत जुळतंय.

खात नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

मन गुंतवण्यासाठी मसुदा केला. विषय: सार्वजनिक जागी कणसे फेकून पाळीव प्राण्याच्या जिवास धोका निर्माण केल्याबाबत. भिंतीवरून ताहेराला वाचून दाखवला.

"लई छान लिहिता तुम्ही, बाई. कुठं सही करू? अजहर बी करीन."

नोकरीत इतक्या चटकन सही करणारा माणूस मी पाहिला नाही. ज्याची चूक असते तो आधी शब्दावर हरकत घेतो, मग तारखेवर. ही तर पेन मागत होती. काहीतरी काळंबेरं आहे.

"आधी मुगाचं पाणी घ्या," म्हणाली आणि भिंतीवर पातेलं ठेवलं. "आमच्या शेतातल्या मुगाचं हाये. तिखट-मीठ नाही टाकलं."

पंचफुलाला परत बोलावलंय. मी बोलता बोलता म्हटलं, अजहर असे भुट्टे खातो तरी किती. ती म्हणाली, "अजहर? त्याले मका कुठं चालते. लहानपणापासून पोट फुगते त्याचं. ताहेराबी मक्याची भाकर बी करत नाही त्याच्यापायी."

मी विचारलं, गेल्या गुरुवारच्या कणसांचे दांडे तू उचलून टाकलेस ना?

पंचफुलाने माझ्याकडे पाहिलं. "दांडे नव्हते बाई पानात," एवढं बोलली आणि कढई घासायला घेतली. आधीच घासलेली कढई.

मसुद्याची घडी करून आरामखुर्चीच्या उशीखाली ठेवली आहे.

शनिवार, २० सप्टेंबर

अंग गरम. सकाळपासून थरथर. डॉक्टरांना फोन केला. म्हणाल्या, ताप उतरतो का बघा, औषधाची सुई अजहरकडून द्या, उद्या संध्याकाळपर्यंत काही तोंडात घेतलं नाही तर लगेच घेऊन या. मी विचारलं, घेऊन आलो तर काय कराल? त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. राजूर घाटातल्या त्या वळणासारखं झालं.

अजहरला सुई द्यायला डॉक्टरांनी शिकवलं आहे. देताना त्याने डोळे मिटले, मुनीमने नाही.

ताहेरा दुपारी येऊन बसली. बराच वेळ आम्ही दोघी खुर्चीखाली पाहत होतो.

"तू त्या दिवशी डॉक्टरांच्या कानात काय सांगितलंस?"

"काई नाही बाई. नीट पाहा म्हटलं, बाईचं हेच एक माणूस उरलं घरात."

मी म्हटलं, कुत्र्याला माणूस म्हणतात का? ती म्हणाली, "चुकलं." नंतर त्याच्या कानामागे बोटाने खाजवलं आणि घरी जाताना नळावर हात धुतले.

तीन-चारदा मनात आलं की तिला काहीतरी सांगायला हवं. मला इतकी भाषा येते. वाक्य होईना.

आणि हे लिहितेच, इथे कोण वाचतंय. मला भीती जोडाची नाही. मला भीती वाटते ती त्या कावळ्यांची. ते कठड्यावर बसून राहिले, पानाला शिवले नाहीत, आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. दोन शब्द बोलायचे होते. मुनीमले मी सांभाळतो. पंचफुलाने तर आयतेच दिले होते. रामराव चाळीस वर्षं माझ्याकडून दोन गोड शब्दांची वाट पाहत जेवायला बसायचे आणि मी ताटात मीठ वाढायचे. मग त्यांना वाटलं असेल, ही काही सांभाळत नाही. मग बोलावून घेऊ.

सिस्टर बर्नाडेट म्हणत, अंधश्रद्धा म्हणजे बुद्धीचा आळस. सिस्टरांनी कुत्रा पाळला नव्हता.

रविवार, २१ सप्टेंबर. सर्वपित्री अमावास्या

ताप थोडा कमी. खाल्लं नाही. पाणी जिभेने एकदा चाटलं, तेही मला बघून की तहानेने, कळत नाही.

आज सगळ्यांचीच तिथी. चुकलेल्यांसाठी शेवटचा दिवस. उद्यापासून पितर परत जातात, असं पंचफुला सांगते. म्हणजे जो काही जाब विचारायचा तो आजच.

पान वाढलं. वडे, खीर, कढी. मक्याचे दाणे, सोललेले. सोलायला सकाळचा बराच वेळ गेला. नख दुखतं आहे. हे काम तुम्ही रोज करत होतात. ताहेरा तिच्या गच्चीवर होती. मला पान घेऊन चढताना पाहिलं आणि मूग तसेच टाकून खाली गेली. समजून गेली.

कावळा अजून आलेला नाही. आला तरी मी त्याच्याशी बोलणार नाही. मला येतं ते मी करते. खालील मजकूर सुवाच्य अक्षरात लिहून पानाशेजारी दगडाखाली ठेवला आहे. ही त्याची स्थळप्रत, माझ्या दप्तरी ठेवायची.

श्री. रामराव यांस,

विषय: मुनीमबाबत.

दिनांक ११ रोजी आपल्या पानातील कणीस मुनीमला दांड्यासकट मी घातलं. ताहेराने नाही, अजहरने नाही. त्यांनी ते आपल्या अंगावर घेतलं ते का, याचा खुलासा माझ्याकडे नाही. आपल्याकडे असल्यास आपण तो आपल्यापाशीच ठेवावा. दिनांक १४ रोजी गाडी दाराशी आली असता दारही मीच लावलं.

मुनीमला मी सांभाळते. हे वाक्य दिनांक ११ रोजी बोलायचं राहून गेलं, ते आज लेखी देत आहे. दाणे सोलून घालेन. नवरदेव म्हणणार नाही.

त्याला बोलावून घेण्याचा आपला विचार असल्यास तो मला मान्य नाही. आपल्याला तिथे सोबत असेल, आपले आईवडील आहेत, आपला थोरला भाऊ आहे. मला इथे आरामखुर्चीखाली जे आहे तेवढंच आहे.

तरी आपली याबाबत काही हरकत असल्यास ती आज सूर्यास्तापूर्वी, लेखी, आपल्या स्वाक्षरीनिशी, गच्चीवरील या पानाशी पोहोचती करावी. स्वप्न, शकून, कावळा किंवा पंचफुला यांच्यामार्फत आलेला तोंडी निरोप ग्राह्य धरला जाणार नाही. विहित मुदतीत लेखी उत्तर न आल्यास, मुनीम माझ्याकडे राहण्यास आपली काहीही हरकत नाही असे समजण्यात येईल.